पीई चार म्हणजे स्वस्त? आधी छेद बघा

२०२२ च्या एप्रिलमध्ये डोंबिवलीहून मामांचा फोन आला. निवृत्त झाल्यापासून त्यांची सकाळ चहा आणि शेअरबाजार यांच्यात जाते. "अरे, पीई चार आहे, चार! चार वर्षांत पैसे वसूल. बाकी सगळे शेअर तीस-चाळीसला चाललेत आणि हा फुकट मिळतोय. तू बघ जरा."

कंपनी पोलादाच्या धंद्यातली होती. जुनी, मोठी, नाव घ्यावं अशी. (नाव मात्र मी इथे घेत नाही.) मामांचा भागाकार, म्हणजे शेअरचा भाव भागिले नफा, बरोबर होता. गडबड होती ती भागाकाराच्या खालच्या आकड्यात, आणि तिकडे त्यांनी बघितलंच नव्हतं. पीईबद्दल बोलताना आपण सगळेच बहुतेक वेळा तिकडे बघत नाही, म्हणून हा लेख.

शाळेतला अपूर्णांक आठवा. वर अंश, खाली छेद. पीईमध्ये अंशाच्या जागी शेअरचा भाव असतो आणि छेदाच्या जागी दर शेअरमागे कंपनीने वर्षभरात कमावलेला निव्वळ नफा, म्हणजे ईपीएस. भाव ३०० रुपये आणि ईपीएस १५ रुपये असेल तर पीई २०. अख्ख्या कंपनीसाठी हाच हिशेब करायचा तर मार्केट कॅपला (सगळ्या शेअरांच्या मिळून किमतीला) एकूण निव्वळ नफ्याने भागायचं, उत्तर तेच येतं. अर्थ एवढाच की कंपनीच्या एक रुपया वार्षिक नफ्यासाठी बाजार आज २० रुपये मोजायला तयार आहे.

नुसत्या भावावरून काहीच कळत नाही म्हणून हा भागाकार करायचा. १३ जून २०२३ रोजी एमआरएफचा शेअर एक लाख रुपयांच्या वर गेला, तेव्हा 'देशातला सगळ्यात महाग शेअर' अशा बातम्या आल्या. गोव्यात फोंड्याजवळच्या उसगावला जिचा कारखाना आहे तीच ही टायरची कंपनी. तिचे शेअरच मुळात जेमतेम ४२ लाख ४१ हजार आहेत, म्हणून एकेकाच्या वाट्याला नफाही तेवढाच मोठा येतो. २०२२-२३ चा ईपीएस होता १,८१३ रुपयांच्या आसपास. एक लाखाला त्याने भागलं की ५५ येतात. उद्या कंपनीने एका शेअरचे शंभर केले तर भाव हजारावर येईल, ईपीएस अठरावर येईल आणि पीई ५५ च राहील. भाकरीचे किती तुकडे केले म्हणून पीठ वाढत नाही. टायरच्या धंद्यासाठी ५५ पट जास्त आहे का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. लाख रुपये जास्त आहेत का, या प्रश्नाला अर्थ नाही.

पीई उलटा करून बघायची सवय लावली तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. पीई २० म्हणजे १०० रुपये घालून ५ रुपये नफा, म्हणजे ५ टक्के. याच न्यायाने ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीचाही पीई काढता येतो: १०० भागिले ७, म्हणजे १४ आणि वर थोडं. ठेवीतलं व्याज ठरलेलं आहे, हातात येतं आणि झोप लागते. शेअरमधल्या ५ रुपयांतले बरेचसे कंपनी स्वतःकडेच ठेवते, लाभांश म्हणून मिळतात ते थोडे. तरीही लोक २० मोजतात, कारण ठेवीचे ७ दहा वर्षांनीही ७ च राहणार आणि शेअरचे ५ वाढतील अशी आशा असते. जितकी आशा मोठी तितका पीई चढा. व्याजदर वाढले की बाजाराचे पीई खाली ओढले जातात तेही याच कारणाने: समोरच्या दुकानात तोच माल बिनजोखमीचा आणि थोडा स्वस्त मिळायला लागतो.

आता छेदाकडे येऊ.

भाव सेकंदासेकंदाला बदलतो. छेद बदलतो तीन महिन्यांनी, तोही उशिरा. तिमाही संपल्यावर निकाल जाहीर करायला सेबी, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख करणारी संस्था, कंपन्यांना ४५ दिवस देते, वर्षअखेरीच्या निकालाला ६० दिवस. म्हणजे मेच्या मध्यावर तुम्ही मोबाइलवर जो पीई बघता, त्यात भाव आजचा आणि नफा कदाचित डिसेंबरपर्यंतचाच असतो. बहुतेक ठिकाणी गेल्या चार तिमाहींची बेरीज छेदात घेतात, तिला टीटीएम म्हणतात. काही ठिकाणी मात्र पुढच्या वर्षीच्या अंदाजी नफ्याने भागलेला पीई दाखवतात आणि तो बहुतेक वेळा कमी दिसतो. अंदाजावरचा पीई म्हणजे स्थळाच्या बायोडेटातला पगार. खरा असतोही, पण चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शिवाय नफा कोणाचा धरायचा हाही प्रश्न असतो. एकट्या कंपनीचा की तिच्या उपकंपन्यांसकट सगळ्या कुटुंबाचा? निफ्टीचा, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचा, पीई कित्येक वर्षं एकट्या कंपन्यांच्या नफ्यावर काढला जात होता. शेअरचा भाव अख्ख्या कुटुंबाचा आणि नफा फक्त कर्त्याचा, असा तो प्रकार होता. १ एप्रिल २०२१ पासून राष्ट्रीय शेअर बाजाराने उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरायला सुरुवात केली आणि निफ्टीचा पीई एका रात्रीत ४० च्या आसपासवरून ३३ वर आला. कोणाचा शेअर स्वस्त झाला नव्हता की कोणाचा नफा वाढला नव्हता. पण 'निफ्टीचा पीई २४ च्या वर गेला की विका, १४ च्या खाली आला की घ्या' असे जे ठोकताळे लोकांनी वीस वर्षांच्या आलेखावरून बसवले होते, त्यांचा पायाच त्या दिवशी सरकला. आजही जुना आणि नवा आकडा एकाच रेषेवर काढलेले आलेख फिरत असतात. दिसला की थोडं थांबावं.

त्याच आलेखात २०२०-२१ मधला उंचवटाही फसवा आहे. २००८ च्या जानेवारीत निफ्टीचा पीई २८ च्या घरात होता आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीला ११ च्या खाली गेला. तिथे भाव खरोखरच कोसळले होते. २०२१ च्या फेब्रुवारीत मात्र तो ४० च्याही पलीकडे होता, कारण भाव सावरले होते आणि छेदात अजून टाळेबंदीची ती एप्रिल-जून तिमाही बसलेली होती. अंश वर गेल्यानेही पीई वाढतो आणि छेद खचल्यानेही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

छेद किती फसवू शकतो ते बघायचं तर आपल्या गिरणगावात यायला हवं. १८७९ साली सुरू झालेल्या बॉम्बे डाईंगकडे वरळीला गिरणीची जमीन होती. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने त्यातली सुमारे २२ एकर जमीन जपानच्या सुमितोमो समूहाच्या कंपनीला ५,२०० कोटी रुपयांना विकायचं जाहीर केलं. त्यातले बरेचसे पैसे त्याच आर्थिक वर्षात आले. आदल्या वर्षी तोट्यात असलेल्या कंपनीचा २०२३-२४ चा निव्वळ नफा तीन हजार कोटींच्या जवळ गेला. तिची मार्केट कॅपच जेमतेम साडेतीन-चार हजार कोटींच्या आसपास फिरत होती. भागाकार करा: पीई दोनच्याही आत.

कुठल्याही अ‍ॅपवर 'कमी पीई असलेल्या कंपन्या' अशी चाळणी लावली असती तर हे नाव अगदी वर आलं असतं. पण वरळीची जमीन दरवर्षी विकता येत नाही. चाळीतली खोली पुनर्विकासाला देऊन आलेले पैसे म्हणजे घरातल्या माणसाचा पगार नव्हे. कंपनीचा रोजचा धंदा, पाताळगंगेच्या कारखान्यातले पॉलिएस्टर तंतू, वेगळाच होता आणि त्यातून येणारा नफा याच्या जवळपासही नव्हता. याचा अर्थ कंपनी वाईट होती असा नाही. जमीन विकून कर्ज उतरणं ही भागधारकांसाठी चांगलीच गोष्ट. पण तिची किंमत ठरवताना हातात आलेली रोकड, उरलेली जमीन आणि चालू धंदा असे तीन वेगळे हिशेब करायला हवेत. या तिन्हींना एका पीईत कोंबलं की हाती काहीच लागत नाही. आणखी एक गंमत सांगतो. चार तिमाही उलटल्या की तो विक्रीचा नफा टीटीएममधून गळून पडतो आणि पीई एका दिवसात आकाशाला भिडतो. तेव्हा तीच मंडळी 'महाग झाला' म्हणायला लागतात.

वार्षिक अहवालात किंवा तिमाही निकालाच्या कागदात 'अपवादात्मक बाबी' अशी एक ओळ असते. इंग्रजी कागदातही ती सापडते, निव्वळ नफ्याच्या थोडी वर. पीई बघण्याआधी ती ओळ बघणं ही माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित खबरदारी आहे. त्याच कागदात वरच्या बाजूला 'इतर उत्पन्न' असतं, तेही बघून घ्यावं. धंद्यापेक्षा ठेवींच्या व्याजावर जगणाऱ्या कंपन्या तिथे सापडतात.

हेच उलट्या बाजूनेही घडतं. ५ जून २०१५ ला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या आदेशाने मॅगी देशभरातून उचलली गेली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, नव्या चाचण्या झाल्या आणि नोव्हेंबरात पाकिटं पुन्हा दुकानांत आली. नेस्ले इंडियाचा २०१४ चा नफा होता सुमारे १,१८५ कोटी. २०१५ चा झाला ५६३ कोटी. ईपीएस १२३ वरून ५८ वर. भाव मात्र २०१४ च्या अखेरीला साधारण ६,४०० होता, तो २०१५ च्या अखेरीला ५,८०० च्या आसपास. पीई ५२ वरून जवळजवळ शंभरावर गेला. म्हणजे शेअर दहा टक्क्यांनी उतरला आणि पीईच्या भाषेत दुप्पट महाग झाला! बाजार वेडा झाला नव्हता. मॅगी परत येणार आणि ५८ हा आकडा पुन्हा दिसणार नाही, एवढंच त्याने गृहीत धरलं होतं. ज्याने फक्त 'पीई शंभर' वाचलं, त्याला हे दिसलं नसणार.

आता मामांचं पोलाद. नाशिक-नगरकडच्या वाचकाला हे एका वाक्यात कळेल: कांद्याला विक्रमी भाव मिळालेल्या वर्षाचा नफा धरून कोणी शेत विकत घेईल का? लासलगावला क्विंटलमागे चार-पाच हजार मिळाले त्या वर्षी एकराचा नफा डोळे दिपवणारा असतो. त्याच्या चौपट किमतीला जमीन मिळाली तर ती फुकट वाटेल. पण त्या भावाला भुलून पुढच्या हंगामात सगळ्यांनीच कांदा लावलेला असतो, वर सरकार निर्यातीवर काय करेल ते सांगता येत नाही. शेतकरी म्हणूनच पाच-सात वर्षांची सरासरी मनात धरतो. कागदावर लिहीत नसेल, पण डोक्यात असते.

पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, साखर, सिमेंट, रसायनं, जहाजं हे सगळे कांद्याच्याच जातीचे धंदे. मालाचा भाव कंपनीच्या हातात नसतो, खर्च बराचसा तसाच राहतो, आणि नफा एका वर्षी पाचपट तर दुसऱ्या वर्षी गायब. टाटा स्टीलचे एकत्रित आकडे सगळ्यांसमोर आहेत. निव्वळ नफा २०१९-२० मध्ये सुमारे १,१७० कोटी, पुढच्या वर्षी ८,१९०, त्याच्या पुढच्या म्हणजे २०२१-२२ मध्ये ४१,७५० कोटी. मग २०२२-२३ ला ८,०७५ कोटी आणि २०२३-२४ ला ४,९१० कोटींचा तोटा. ही रांग एकदा सावकाश वाचा. ३१ मार्च २०२२ ला शेअरचा भाव १,३०० च्या आसपास होता आणि ईपीएस ३३२ रुपयांच्या घरात. पीई चारच्या जवळ. मामांच्या कंपनीचा आकडाही असाच होता.

बाजाराला ३३२ चा आकडा दिसत नव्हता असं नाही. तो पुढच्या वर्षी राहणार नाही हे बाजार धरून चालला होता, म्हणून तर पीई चार होता. शिखरावरच्या नफ्याला बाजार कमी पट देतो आणि तळातल्या नफ्याला जास्त. त्यामुळे अशा धंद्यांत पीई उलटा वागतो: सगळ्यात स्वस्त दिसतो तेव्हा बऱ्याचदा घ्यायची वेळ टळलेली असते. झालंही तसंच. २१ मे २०२२ ला, शनिवारी संध्याकाळी, केंद्र सरकारने पोलादाच्या बऱ्याचशा प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क जाहीर केलं. जूनच्या उत्तरार्धात टाटा स्टीलचा भाव साडेआठशेच्या खाली गेला होता. शुल्क नोव्हेंबरात मागे घेतलं, पण तोवर युरोपातली मागणी आणि जगातले पोलादाचे भाव दोन्ही थंडावले होते.

वरच्या पाच वर्षांची सरासरी काढली तर नफा येतो १०,८५५ कोटी. मार्च २०२२ ची मार्केट कॅप होती जवळपास १ लाख ६० हजार कोटी. सरासरी नफ्यावर पीई होतो १५ च्या थोडा खाली. चार नव्हे. यातली पुढची दोन वर्षं मला आज माहीत आहेत आणि तेव्हा नव्हती, हे कबूल. पण मागची दहा वर्षं तर तेव्हाही समोर होती, आणि त्यांतही असेच चढउतार होते.

इथवर नफा टिकणारा आहे का, एवढाच प्रश्न होता. वाढणारा नफा आणखी अवघड, कारण तिथे छेद आज नसलेला, उद्याचा असतो. समजा भाव ४० आणि ईपीएस १ रुपया, म्हणजे पीई ४०. नफा दरवर्षी २० टक्के वाढला तर दहा वर्षांनी ईपीएस ६ रुपये १९ पैसे. दहा वर्षांनी कंपनी मोठी झालेली असेल, वेग मंदावेल, बाजार तिला ४० ऐवजी २० पट देईल असं धरू. भाव होईल १२४. वर्षाला परतावा १२ टक्के. म्हणजे कंपनी २० टक्क्यांनी धावली आणि गुंतवणूकदाराच्या हातात १२ आले. आता नफा २० ऐवजी १० टक्क्यांनीच वाढला असं धरा. ईपीएस २ रुपये ५९ पैसे, भाव ५२, वर्षाला परतावा अडीच टक्क्यांच्या थोडा वर. बचत खात्याइतका. दहा टक्के वाढ ही काही वाईट कामगिरी नाही. पण मोजलेली किंमत २० टक्क्यांची होती.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण १९८१ साली पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसचं आहे. ३१ मार्च २००० ला तिची मार्केट कॅप होती ५९,३३८ कोटी आणि त्या वर्षीचा नफा सुमारे २८६ कोटी. पीई दोनशेच्या वर. पुढे काय झालं? कंपनीने निराशा केली? अजिबात नाही. नफा वर्षागणिक वाढत गेला: ६२३ कोटी, ८०८, ९५८, १,२४३, आणि २००४-०५ मध्ये सुमारे १,८६० कोटी. पाच वर्षांत साडेसहा पट. एवढी वाढ दाखवणाऱ्या कंपन्या भिंग घेऊन शोधाव्या लागतात. आणि मार्केट कॅप? मार्च २००३ मध्ये २६,८४७ कोटी, निम्म्याहून कमी. मार्च २००५ मध्ये ६१,०७३ कोटी. पाच वर्षांपूर्वी होती तिथेच. नफ्याची सगळी वाढ पीई २०७ वरून ३३ वर येण्यात खर्च झाली. कंपनी ओळखण्यात ज्याची चूक झाली नाही त्यालाही पाच वर्षं लाभांशाच्या चिल्लरीवर काढावी लागली. 'चांगली कंपनी कुठल्याही भावाला चांगली' असं कोणी म्हटलं की मला ही रांग आठवते.

मग चढा पीई नेहमीच वेडेपणा का? तसंही नाही. एकाच वेगाने वाढणाऱ्या दोन कंपन्यांचे पीई खूप वेगळे असू शकतात, आणि ते रास्तही असतं. समजा दोघींचा नफा १०० कोटी आहे आणि दोघींनाही तो पुढच्या वर्षी १० टक्क्यांनी वाढवायचा आहे. पहिली धंद्यात घातलेल्या भांडवलावर ५० टक्के कमावते. नफा १० कोटींनी वाढवायला तिला २० कोटी पुरतात, उरलेले ८० कोटी ती मालकांना वाटू शकते. दुसरी भांडवलावर १२ टक्के कमावते. तेवढेच १० कोटी वाढवायला तिला ८३ कोटी भट्ट्यांत, यंत्रांत, गोदामांत घालावे लागतात आणि वाटायला उरतात १७. कागदावर नफा सारखा, वाढ सारखी, पण एकीच्या नफ्यातले ८० रुपये खरोखर आपले आणि दुसरीच्या नफ्यातले १७. साबण, बिस्किटं, नूडल्स विकणाऱ्यांना बाजार वर्षानुवर्षं चढा पीई देतो आणि पोलाद-सिमेंटवाल्यांना देत नाही, याचं मोठं कारण हे आहे. म्हणून पीईची तुलना त्याच धंद्यातल्या कंपन्यांशी करायची. बँक बँकेशी, औषधं औषधांशी. बँकेच्या बाबतीत तर बुडीत कर्जांची तरतूद थोडी मागेपुढे झाली की नफा हवा तसा दिसतो, त्यामुळे जाणकार तिथे पीईपेक्षा भाव आणि पुस्तकी मूल्याचं (मालमत्तेतून देणी वजा करून उरतं त्याचं) गुणोत्तर आधी बघतात.

कर्ज हे पीईत दिसतच नाही. कोणी म्हणालं, तीस लाखांत फ्लॅट देतो, फक्त त्यावरचं साठ लाखांचं कर्ज तुम्ही फेडायचं, तर आपण त्याला तीस लाखांचा फ्लॅट म्हणत नाही. शेअरमध्ये मात्र खुशाल म्हणतो. दोन कंपन्या, दोघींचा नफा १० कोटी, दोघींची मार्केट कॅप १०० कोटी, दोघींचा पीई १०. एकीवर कर्ज नाही, दुसरीवर २०० कोटींचं आहे. मे ते फेब्रुवारी या नऊ-दहा महिन्यांत, २०२२-२३ साली, रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. कंपनीच्या कर्जाचा दरही तेवढाच वाढला असं धरू: अडीच टक्के म्हणजे २०० कोटींवर वर्षाला ५ कोटी जादा व्याज. कर धरून दुसरीचा नफा दहावरून सव्वासहा कोटींवर येतो. धंदा तोच, गिऱ्हाईक तेच, आणि पीई १० चा १६.

एवढा वेळ छेदाला झोडपलं, पण अंशही कधी कधी खोटा असतो. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीकडे एशियन पेंट्सचे जवळजवळ तीन टक्के शेअर आहेत, किंमत हजारो कोटींत. तिच्या शेअरचा नोंदलेला भाव कित्येक वर्षं साडेतीन रुपये होता. लाभांश मात्र दर शेअरला २५ रुपये! पीई शून्याच्या जवळ. पण त्या भावाला विकायला कोणीच तयार नव्हतं, त्यामुळे तो भावच नव्हता, फळ्यावर राहून गेलेला आकडा होता. २९ ऑक्टोबर २०२४ ला गुंतवणूक कंपन्यांसाठी विशेष लिलाव झाला आणि भाव ३ रुपये ५३ पैशांवरून दिवसअखेरीला थेट २ लाख ३६ हजार २५० रुपयांवर गेला. काही फार छोट्या कंपन्यांत कमी प्रमाणात हेच चालतं: दिवसाला पन्नास शेअरची उलाढाल, आणि त्यावरून काढलेला पीई आपण दशांशापर्यंत वाचतो.

मामांनी तो शेअर घेतलाच, थोडे पैसे घातले. मी अडवलं नाही, कारण तेव्हा माझ्याकडे 'वाटत नाही' यापलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. जूनमध्ये तो पडल्यावर ते महिनाभर त्याचं नाव काढत नव्हते. मग हळूहळू त्यांनी त्या धंद्यातल्या सगळ्या कंपन्यांचे दहा-दहा वर्षांचे नफे एका वहीत उतरवून काढले. अकाउंट्समध्ये चौतीस वर्षं घालवलेला माणूस.

२०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा फोन आला. मोबाइलवर टाटा स्टीलच्या समोर पीईच्या रकान्यात नुसती आडवी रेघ दिसत होती. "हे अ‍ॅप बिघडलंय का रे?"

"नाही मामा. वर्षभराचा तोटा आहे, छेदच उरला नाही. मग पीई कसा काढणार?"

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. जुलै २०२२ मध्ये त्या कंपनीने एका शेअरचे दहा केले होते, ते धरून त्यांनी हिशेब जुळवला. "म्हणजे पीई चार होता तेव्हा भाव तेराशे," ते म्हणाले, "आणि आता पीईच नाही, तर मार्चअखेरीचा भाव जुन्या हिशेबाने साडेपंधराशे?"

"हो."

"थांब, लिहून घेतो."